कारखान्याचा दिवा घरात लावताना

अमरावतीतल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर अजूनही ‘मोटार रिवाइंडिंग’ असंच लिहिलेलं आहे. त्यामुळे जुने टेबल-दिवे घ्यायला येणारी माणसं आधी पाटी वाचतात, मग मोबाइलमधला पत्ता पुन्हा तपासतात आणि दारातूनच विचारतात, “काकू, ते दिव्यांचं दुकान कुठे आलं?” मी म्हणते, “तुम्ही त्यातच उभे आहात.” पाटी बदलायचं आमचे हे, म्हणजे प्रभाकरराव, दर दिवाळीला ठरवतात. मी होऊ देत नाही. तीस वर्षं आम्ही दोघांनी शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटारी भरल्या, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळून दिली. दिव्यांचं काम पन्नाशीनंतरचं. आधी हौस म्हणून सुरू झालं आणि मग मोटारींपेक्षा जास्त गिऱ्हाइकं त्याचीच येऊ लागली.

मी मूळची अकोल्याची. तिथल्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते. आमचे सर हजेरी घेताना माझ्या नावापाशी थांबून खरंच आले आहे का ते मान वर करून पाहायचे. पण ती सगळी हकिगत इथे सांगत बसत नाही. दिव्यांबद्दल सांगते.

लेथवर काम करणाऱ्या माणसाला हत्याराच्या नेमक्या टोकावर उजेड लागतो. छतावरची ट्यूब तिथे पुरत नाही. म्हणून मशीनलाच एक दिवा आवळलेला असायचा. दोन-तीन सांध्यांचा लोखंडी हात, टोकाला पत्र्याची टोपी. ओढाल तिकडे वळतो आणि सोडाल तिथे थांबतो. जिनिंग फॅक्टऱ्या, तेलाच्या गिरण्या, छापखाने बंद पडत गेले तसे हे दिवे भंगारात आले. अकोल्याला जुन्या शहरात माझ्या ओळखीचे दोन भंगारवाले आहेत. माल आला की फोन करतात, “बाई, तुमचे लुळे आले, घेऊन जा.” सांधे सैल झालेले असतात, म्हणून लुळे.

दुकानात आणून मी ते पूर्ण सुटे करते. रॉकेलमध्ये भिजवते, वायर ब्रशने गंज काढते, सांध्यांत नवे वायसर घालते. मशीनला आवळलेला दिवा टेबलावर आपला आपण उभा राहत नाही, म्हणून त्याला जुन्या पुलीचं किंवा दातेरी चाकाचं जड बूड देते. रंग मात्र देत नाही. कामगाराचा हात जिथे रोज लागत होता, तिथला रंग उडून लोखंड गुळगुळीत झालेलं असतं. त्या जागेला मी पॉलिश पेपरही लावत नाही. गिऱ्हाइकाचं बोट तिथे टेकवून दाखवते. निम्मी माणसं तिथेच दिवा घ्यायचं ठरवतात.

घर सजवायचं म्हणून लोक येतात आणि एकदम चार दिवे मागतात. मी एकच देते. एका खोलीत एक पुरे, दुसरा आला की खोलीचं वर्कशॉप होतं. टोपीची कड खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खाली यावी, नाहीतर बल्ब डोळ्यांत घुसतो. बल्ब पिवळसर उजेडाचा हवा. आणि शक्य असेल तर मागे चुन्याची जुनी भिंत असावी, तिच्यावर सांध्यांची सावली फार सुंदर पडते. हे मला कोणी शिकवलेलं नाही. घरोघरी दिवे ठेवून, हलवून, पुन्हा ठेवून समजलं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका वकिलांनी दिवा नेला आणि आठ दिवसांनी परत आणला. “थोडा अजून गंज येईल का याच्यावर? पक्षकारांना नवा वाटतो.” मी त्यांना सांगितलं, गच्चीवर ठेवा, पावसाळा फुकट करून देईल. एक गुरुजी पोथी वाचायला दिवा घ्यायला आले. त्यांनी फार संकोचून विचारलं, “याच्याखाली कोणाचं काही बरंवाईट तर नाही ना झालं?” मी म्हटलं, “गुरुजी, याच्याखाली फक्त नट-बोल्ट झाले.” ते खूप वेळ हसले आणि दिवा घेऊन गेले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले ती सांगते.

यातले बरेच दिवे मुळात घरच्या विजेवर चालायचेच नाहीत. कारखान्यात मशीन लोखंडाचं, दिवा लोखंडाचा, कामगाराचे हात तेला-पाण्याचे. म्हणून छोटा ट्रान्सफॉर्मर लावून चोवीस व्होल्टवर दिवा चालवत. धक्का बसला तरी माणूस दगावू नये हा हिशेब. आपल्या घरातली वीज त्याच्या जवळजवळ दहापट. म्हणून आतली जुनी, सुताच्या विणीची वायर पूर्ण काढून तीन तारांची नवी वायर घालावी लागते. दोन तारा बल्बसाठी. तिसरी हिरवी तार दिव्याच्या लोखंडाला पक्की आवळायची. ते अर्थिंग. आत कुठे वायर सोलली आणि लोखंडात वीज उतरली, तर ती या तिसऱ्या तारेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. ती तार नसेल तर वीज माणसाची वाट पाहत लोखंडात बसून राहते. दिवा मात्र छान लागतो. बाहेरून काहीच कळत नाही.

हे मला झोपेतसुद्धा सांगता येतं, आणि तरीही चूक माझ्याच हातून झाली.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधीची गोष्ट. पुलीचं बूड दिलेल्या एका दिव्याचं काम मी उलट्या क्रमाने केलं होतं. बुडापासून प्लगपर्यंतची बाहेरची वायर नवी, थ्री-पिन प्लग नवा. आतली वायर मात्र जुनीच, आणि हिरवी तार बुडात नुसती मोकळी सोडलेली. उरलेलं काम दुपारी करणार होते. तेवढ्यात पंपाची एक मोटार भरायला आली. टेबल रिकामं हवं म्हणून मी तो दिवा उचलून विक्रीच्या फळीवर ठेवला आणि मोटार झाल्यावर डोळे तपासायला दवाखान्यात गेले. डोळ्यांत औषध घातल्यामुळे तिथून सरळ घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आले तर फळीवर दिवा नाही.

“तो पुलीचा दिवा कुठे आहे?”

“गेला ना काल,” हे मोठ्या खुशीत म्हणाले. “एक बाई आली होती. मी लावून दाखवला, मस्त लागला. तिले लय आवडला.”

मी तिथल्याच स्टुलावर बसले. यांना सगळं सांगितलं तेव्हा यांचाही चेहरा उतरला. “पण मले कसं समजावं, सुमन? फळीवर होता.” खरं होतं. फळीवर मीच ठेवला होता.

बिल नाही, फोन नंबर नाही, नावही नाही. यांना डोळे मिटून आठवायला लावलं. बाई चाळिशीची. दिवा बाबांसाठी हवा म्हणाली, पेपर वाचायला. बोलणं मोर्शीकडचं वाटलं. आणखी? “तिच्या गाडीत रिकामे कॅरेट होते. अन् पदराले झेंडूच्या पाकळ्या लागल्या होत्या.”

तेवढं पुरेसं होतं. पुढच्या पहाटे मी फुलबाजारात गेले. दसरा जवळ आलेला, झेंडूचे ढीग लागलेले, कोणाला बोलायला फुरसत नव्हती. मी एकेका अडत्याला विचारत गेले, मोर्शीकडून गाडी घेऊन येणारी बाई कोणती? तिघांनी हातानेच पुढे जा म्हटलं. चौथा म्हणाला, “वर्षाताई असन. स्वतः गाडी चालवते. काहून, काय झालं?”

“माझ्याकडून तिला बिघडलेली वस्तू गेली.”

“त आणून देईन न ते वापस.”

“ती आणून द्यायच्या आत मला पोचायचं आहे, भाऊ.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि काही न विचारता नंबर दिला. फोन बंद. पुन्हा बंद. त्याने गावाचं नाव सांगितलं, मोर्शीच्या अलीकडे उतरून चालत पंधरा मिनिटं. मी दुकानातून अवजारांची पिशवी, तीन तारांची वायर, नवं होल्डर घेतलं आणि बस धरली. हे सोबत येतो म्हणाले. मी नको म्हटलं. कोणी शेजारी बसून धीर देत राहिलं असतं तर मला रडू आलं असतं.

त्या बसमध्ये मी काय काय पाहिलं ते सांगत नाही. एकच सांगते. सारखे एका म्हाताऱ्या माणसाचे अनवाणी पाय डोळ्यांपुढे येत होते आणि त्या पायांखालची फरशी नुकतीच पुसलेली होती. दिवा जाऊन दोन दिवस झाले होते. दोन दिवसांत माणूस किती वेळा पेपर वाचतो? बाहेर संत्र्याचे बगीचे चालले होते. मी खिडकीकडे तोंड करून नुसती बसले होते.

गावात घर विचारलं. एका पोराने बोट दाखवलं आणि मी गल्लीच्या वळणावरच थांबले. त्या घरासमोर चपलांचा ढीग होता. अंगणात बायाच बाया खाली बसलेल्या, मान खाली घालून. कोणी बोलत नव्हतं.

किती वेळ उभी होते माहीत नाही. मग एक बाई उठली, तिच्या मांडीवरून झेंडूची फुलं घरंगळली, आणि मला दिसलं की त्या माळा ओवत होत्या. मोजून ओवत होत्या म्हणून गप्प होत्या. मी भिंतीला हात टेकला.

उठलेली बाई माझ्याकडेच आली. “कोन पाहिजे, काकू?”

“अमरावतीहून आले. दिव्याच्या दुकानातून.”

“अवं माय!” तिने तोंडावर हात ठेवला. हीच वर्षाताई. “तुमी आल्या काय? बाबा तुमच्यावर लय चिडून राहिले!”

चिडून राहिले! म्हणजे आहेत. आयुष्यात माझ्यावर पुष्कळ माणसं चिडली असतील, पण त्या चिडण्याने मला जे सुख दिलं ते दुसऱ्या कशाने दिलेलं नाही. मी तिचा हात धरला आणि सोडेचना. ती गोंधळून म्हणाली, “तसे मनानं चांगले आहेत ते. भेऊ नका.”

आत खाटेवर एक उंच, वाळलेले गृहस्थ बसले होते. दिवा त्यांच्यासमोर उलटा पडलेला, बूड उघडलेलं, मोकळी हिरवी तार बाहेर लोंबत होती. नमस्कार झाला. त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

“हे कोनं केलं?”

“मी.”

“तुमच्या मालकानं नाही?”

“नाही. मीच.”

“शिकल्या कोठी?”

“अकोल्याला, आयटीआयमध्ये.”

“मंग त कायच बोलाव!” त्यांनी कपाळाला हात लावला. “म्या अकोल्याच्या मिलमधी छत्तीस वर्षं लेथ चालवली. असा दिवा रोज आठ तास डोक्यावर होता माह्या. पोरीनं आनला, मले आनंद झाला. हातात घेतला त जुन्या रबराचा वास आला. मनात म्हटलं, वायर नवी अन् वास जुना? उघडून पाह्यला. बाई, या दिव्याले अर्थच नाही!”

“बाबा, दिव्याले काय अर्थ असते?” दारातून वर्षाताईने विचारलं.

“तू चूप राय. तुले सांगतलं न, हात नको लावू म्हणून.”

मग समजलं ते असं. दिवा घरी आणला त्या संध्याकाळी वर्षाताई फुलं धुऊन, ओल्याच हातांनी तो प्लगला लावायला निघाली होती. आबाजी, सगळं गाव त्यांना आबाजीच म्हणतं, तिच्यावर इतक्या जोरात ओरडले की शेजारची माणसं धावत आली. तेव्हापासून दिवा त्यांनी खाटेवर स्वतःजवळ ठेवला होता. दसरा झाला की दुकानात जाऊन आम्हाला फैलावर घेणार होते. वर्षाताईचा फोन दुरुस्तीला मोर्शीत पडलेला, म्हणून लागत नव्हता.

“चूक झाली, आबाजी,” मी म्हटलं. “अर्धं काम विक्रीच्या फळीवर ठेवलं मी.”

माफीच्या चार वाक्यांची तयारी बसमध्ये केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. त्यांनी माझ्याकडे, माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि खाटेवर सरकून जागा केली.

“झाली त झाली. आता करा. मी पायतो.”

तीस वर्षं काम केल्यावर परीक्षा द्यायची वेळ आली. मी जुनी वायर ओढून काढली. कोपराच्या सांध्यापाशी तिचं रबर भुगा होऊन तांबं उघडं पडलं होतं. एक बोटभर. आबाजींनी तो तुकडा उचलून लेकीला दाखवला. ती बाहेर जाऊन बसली. मी नवी वायर ओवली, होल्डर बदललं, हिरवी तार वायसर घालून लोखंडाला आवळली. “अजून अर्धा आटा,” आबाजी म्हणाले. पाना फिरवून दिला अर्धा आटा.

मला वाटलं संपलं. प्लग घेऊन बोर्डाकडे निघाले तर ते म्हणाले, “घराचं अर्थिंग पाह्यलं काय?”

मी प्लग खाली ठेवला.

टेस्ट लॅम्प काढला, दोन मोकळ्या तारा जोडलेला साधा बल्ब. त्याची एक तार बोर्डाच्या विजेच्या भोकात, दुसरी वरच्या मोठ्या, तिसऱ्या भोकात. बल्ब लागायला हवा. लागला नाही. बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकाच्या मागे काहीच नव्हतं. घर बांधलं तेव्हा वायरमनने ते शोभेपुरतं ठेवलं होतं. म्हणजे मी दिवा अगदी पक्का करून दिला असता तरी या घरात ती हिरवी तार कुठेच पोचली नसती. आणि आजवर एवढे दिवे विकले, पण तुमच्या घरात अर्थिंग आहे का, असं मी एकाही माणसाला विचारलं नव्हतं.

हे मी आबाजींना बोलून दाखवलं. ते पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाले, “माह्याही घरी होतं न असं. म्या तरी कोठी पाह्यलं इतके वर्षं?”

दुपारभर आम्ही अर्थिंग घातलं. वर्षाताईच्या नवऱ्याने शेवंतीच्या वाफ्याजवळ, जिथे जमीन कायम ओली असते तिथे, सब्बलने, म्हणजे पहारीने, खोल खड्डा केला. जुन्या बोअरचा लोखंडी पाइप होता तो उभा पुरला, भोवती चुलीतला कोळसा आणि मिठाचे थर दिले. टोमॅटोच्या मांडवासाठी आणलेली जाड तार पाइपाला आवळून बोर्डापर्यंत आणली. माळा ओवणाऱ्या बाया काम थांबवून पाहत होत्या. एकीने विचारलं, “मीठ काहून टाकून राहिल्या?” मी सांगितलं, ओल धरून ठेवतं, ओल असली की वीज लवकर जमिनीत जाते. ती म्हणाली, “मंग आमच्याही घरी टाका.” आबाजींनी खाटेवरूनच तिला उद्याचा नंबर दिला.

टेस्ट लॅम्प पुन्हा लावला. भक्कन लागला.

मग दिवा टेबलावर ठेवून प्लग लावला, बटण दाबलं. मी टेस्टरने बूड, हात, टोपी सगळं तपासलं होतं. तरी आबाजींनी आपला तळवा उघडून त्या लोखंडी हातावर सपाट ठेवला तेव्हा माझा हात बटणाकडे गेला. त्यांनी तळवा तसाच ठेवला, दुसऱ्या हाताने पेपर उघडला आणि मोठ्याने बाजारभाव वाचायला लागले. बाहेरून वर्षाताई ओरडली, “बाबा, झेंडूचा काय निघाला?”

परतीच्या बसमध्ये मी वहीत यादी केली. जिथे जिथे माझे दिवे गेले होते ती आठवतील तितकी घरं लिहिली. पुढचा दीड महिना आम्ही दोघं टेस्ट लॅम्प घेऊन हिंडलो. वकिलांकडे सगळं ठीक होतं. गुरुजींच्या पूजेच्या खोलीत अर्थिंग नव्हतं, ते करून दिलं. आणखी तीन घरांत तेच निघालं. एका घरात लोक चिडले, “एवढ्या वर्षांनी आता सांगता?” ते ऐकून घेतलं. ऐकून घेण्यासारखंच होतं. आता दिवा विकताना मी आधी घराचं विचारते. नाही सांगता आलं तर स्वतः जाऊन पाहते, मगच दिवा देते. त्यामुळे माझे दिवे कमी जातात. जाऊ देत.

यादीतलं शेवटचं घर चांदूर रेल्वेला होतं. एक निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. त्यांनी माझ्याकडून छापखान्यातला दिवा नेला होता आणि तो पलंगाच्या उशापाशीच ठेवला होता. रोज झोपताना हात लागेल असा. मी बोर्डाजवळ गुडघे टेकले, तारा भोकांत घातल्या. बल्ब पूर्ण लागला. दिवा तपासला, तोही व्यवस्थित. यांनी वहीत त्या नावापुढे खूण केली आणि वही मिटली.

मी मात्र उठले नाही. तशीच त्या फरशीवर बसून राहिले. बाई घाबरून जवळ आल्या.

“काय हो, काय झालं? काही निघालं का?”

“नाही,” मी म्हटलं. “काहीच नाही झालं.”

आणि मग हसू आलं की रडू आलं, माझं मलाच कळलं नाही. त्यांनी तांब्याभर पाणी आणून दिलं. मी तो तांब्या वरून, न थांबता, रिकामा केला.